बासमतीचं बी आणि चार पिढ्यांची शेती

कोजागिरीच्या सुमारास आमच्या शिवारात भात लोंब्यांवर आलेले असते. त्या रात्री मराठी घरांत दूध आटवतात. शेजारची कन्नड घरे त्याच दिवशी 'शिगे हुण्णिमे' म्हणून गर्भार भुईची पूजा करून शेतात नैवेद्य शिंपडतात. आमच्या घरी दोन्ही चालते. आपल्या भागात भाषेचा बांध शेतात फारसा उरत नाही. आपले भात त्यांचे 'भत्त' आणि आपली कुरी त्यांची 'कूरिगे'.

यळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळच्या काळ्या चिकण जमिनीत पिकणारा बेळगाव बासमती एके काळी पाहुण्यांकडे भेट म्हणून जाई. आजोबा वळीव पडला की रान तयार करून कुरीने भात पेरीत. कापणीनंतर त्याच ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा. या कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे आजोबांना कुणी शिकवले नव्हते. मसुरानंतर भात जोमाने येतो, एवढे त्यांना ठाऊक होते. पिंजर जनावरांना आणि जनावरांचे शेण पुन्हा रानाला. या फेऱ्यात बाहेरून विकत आणायचे असे फार थोडे होते.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आजोबांची शेती त्या दिवशी होती तशीच राहिली. ती बदलली नंतर. 1966 साली फिलिपिन्समधील संस्थेने 'आयआर-8' हे बुटके भात प्रसारित केले आणि आशियाभर भातशेतीचे गणित पालटले. आंबेमोहर 157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून मावळातील वडगावच्या संशोधन केंद्राने काढलेला 'इंद्रायणी' वाण 1987 साली आला. तो आपल्याकडे चांगलाच रुजला.

मी तेव्हा कॉलेजात होतो. "दादा, बासमती उंच वाढतो, युरिया दिला की लोळतो, उताराही कमी," असे सांगून वडिलांच्या मागे लागणारा मीच. घरात बहिणींची लग्ने व्हायची होती. वडिलांनी ऐकले. नव्या वाणाने घराला हात दिला, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण दोन-तीन सुग्यांनंतर कणगीत बासमतीचे बी उरले नाही. भाताचे बी पुस्तकासारखे कपाटात टिकत नाही. ते पेरावे लागते, नाहीतर मरते. इतिहासात एम.ए. करूनही ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली.

पुढे पुतण्याने नोकरी सोडून शेती हाती घेतली आणि 'बायोडायनॅमिक' शेतीचे वेड घेतले. 1924 च्या जूनमध्ये कोबेरविट्झ या तेव्हा जर्मनीत आणि आज पोलंडमध्ये असलेल्या गावी रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्याने दिली. जमिनीचा आणि बियाण्याचा कस उतरतो आहे, ही त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. गाईच्या शिंगात शेण भरून ते थंडीभर पुरून ठेवण्याची रीत तिथली. शिंगाचा आणि ग्रहांचा भाग मला पटत नाही. पण शेताचे खत शेतातूनच यावे, हे स्टायनर यांचे म्हणणे ऐकताना मला आजोबांचा उकिरडा आठवला.

बी मात्र हवे होते. ते मिळाले शेजारच्या कन्नड अज्जांकडे. घरच्या सणापुरता एक तुकडा ते दरसाल बासमती पेरीत आणि भेसळीची ताटे स्वतः उपटीत. मी पैसे पुढे केले, तर म्हणाले, "बी विकायचं नसतंय मास्तर, फिरवायचं असतंय. सुगीला दीडपट आणून टाका." दोन पायल्यांवर आमचा बासमती पुन्हा सुरू झाला.

आता दोन काळज्या आहेत. पहिली नावाची. 2016 साली 'बासमती'चे भौगोलिक मानांकन हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशाला मिळाले, त्यात बेळगाव नाही. त्याच वर्षी आजऱ्याच्या घनसाळला स्वतःच्या नावाने मानांकन मिळाले. आपण उसन्या नावावर मोठे झालो, त्याची ही किंमत. दुसरी काळजी जमिनीची. हलगा-मच्छे बायपासाविरुद्ध याच सुपीक पट्ट्यातले शेतकरी न्यायालयात गेले. 2021 च्या नोव्हेंबरात काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते शेतात उभे राहिले. रस्ता आला की मागून प्लॉट येतात. आमच्या बांधावरही विचारणा करणारे येऊन गेले. भावाने अजून होकार दिलेला नाही. पण नकारही ठामपणे दिलेला नाही, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

म्हणून यंदा सुगीनंतर आम्ही पाच घरांत बी वाटणार आहोत. त्यातली तीन कन्नड आहेत, दोन मराठी. एका घरची जमीन गेली, तरी दुसऱ्या घरी कणगीत बी असेल. अट अज्जांचीच, सुगीला दीडपट. अज्जा आज नाहीत. त्यांचे दीडपट मात्र आम्ही त्यांच्या नातवाच्या कणगीत दरसाल नेऊन टाकतो.