‘पाकिजा’चं माहेर मालाडचं

‘पाकिजा’ची गोष्ट सांगायची रीत ठरून गेलेली आहे. नवरा दिग्दर्शक, बायको नायिका. चित्रपट सुरू झाला तेव्हा संसार सुखाचा होता, मध्येच तो मोडला, काम बंद पडलं. मग कुणीकुणी मध्यस्थी केली, आजारी नायिका परत सेटवर आली, चित्रपट एकदाचा लागला आणि दोन महिन्यांच्या आत ती गेली. यातलं काहीच खोटं नाही. पण कमाल अमरोही आणि मीनाकुमारी या दोघांपाशीच ही गोष्ट अडकून पडते, आणि श्रेयनामावलीतली बाकीची मंडळी नुसती नावापुरती उरतात. ती नावं कुठून आली याचा माग काढत गेलं, तर आपण लखनौच्या किंवा दिल्लीच्या कोठ्यावर पोचत नाही. पोचतो मालाडला, बॉम्बे टॉकीजच्या आवारात.

हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी 1934 मध्ये हा स्टुडिओ उभा केला. रायसाहेबांचा जर्मनीशी जुना घरोबा होता. गौतम बुद्धाच्या जीवनावरच्या ‘प्रेम संन्यास’ या मूकपटासाठी 1925 मध्ये त्यांनी म्युनिकच्या एमेल्का कंपनीची माणसं भारतात आणली होती. फ्रान्झ ऑस्टेन दिग्दर्शक, आणि छायालेखनासाठी आलेल्यांत जोसेफ विर्शिंग नावाचा विशीतला तरुण. बॉम्बे टॉकीज निघाल्यावर हे दोघं पुन्हा आले. ऑस्टेनला हिंदी येत नसे, तरीही ‘अछूत कन्या’सारखे चित्रपट त्याच्या नावावर आहेत. कॅमेऱ्यामागे विर्शिंगच.

याच स्टुडिओच्या प्रयोगशाळेत कुमुदलाल गांगुली नावाचा एक बंगाली तरुण नोकरीला होता. 1936 च्या ‘जीवन नैया’च्या वेळी नायकाची जागा अचानक मोकळी झाली आणि रायसाहेबांनी त्यालाच कॅमेऱ्यापुढे ढकललं. ऑस्टेनचं मत पडलं की या पोराचं काही होणार नाही. पोरगा म्हणजे अशोककुमार. त्याचा पडद्यावरचा पहिला चेहरा टिपला तो विर्शिंगने. पुढे वीस-बावीस वर्षांनी हीच जोडी ‘पाकिजा’साठी पुन्हा आमनेसामने आली. या चित्रपटाची वंशावळ काढायला बसलो, तर पहिली रेघ इथूनच ओढावी लागते.

1939 मध्ये महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिशांनी स्टुडिओतले जर्मन उचलून नजरकैदेत टाकले. वयामुळे ऑस्टेनची सुटका झाली आणि तो मायदेशी गेला. विर्शिंगची उमेदीची वर्षं छावण्यांत गेली. 1940 मध्ये रायसाहेब वारले, स्टुडिओत तट पडले, एक गट फुटून गोरेगावला गेला आणि त्यातून फिल्मिस्तान झालं. युद्ध संपल्यावर विर्शिंग मालाडला परतला तेव्हा घर तेच होतं, माणसं बरीचशी बदलली होती. अशोककुमार मात्र आता सावक वाच्छांच्या जोडीने स्टुडिओ चालवत होता.

तिथे 1949 मध्ये ‘महल’ झाला. ‘पाकिजा’चा हा सख्खा पूर्वज. लेखक-दिग्दर्शक कमाल अमरोही, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच चित्रपट. त्याआधी सोहराब मोदींच्या ‘पुकार’च्या लेखनामुळे त्याचं नाव झालं होतं. छायालेखक विर्शिंग, नायक अशोककुमार, संकलक बिमल रॉय, संगीत खेमचंद प्रकाश. लता मंगेशकरांचं नाव घरोघरी पोचलं ते याच चित्रपटातल्या गाण्याने, आणि त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं पात्राचं, कामिनीचं! ‘महल’मध्ये विर्शिंगने अंधार असा वापरला आहे की झुंबर, झोपाळा, जिना यांनाही काही सांगायचं आहे असं वाटावं. लोक त्याला भुताचा चित्रपट म्हणतात. मला तो ‘पाकिजा’ची तालीम वाटतो. रिकामी वास्तू, हातात न येणारी बाई, तिच्या मागे वेडावलेला पुरुष, आणि दर थोड्या वेळाने कथेला खेचून नेणारा एक आवाज. ‘महल’मध्ये तो घड्याळाच्या टोल्यांचा होता, ‘पाकिजा’मध्ये आगगाडीच्या शिट्टीचा झाला.

बॉम्बे टॉकीज 1954 मध्ये बंद पडली. अमरोहीने त्याआधीच आपली संस्था काढली होती आणि तिचं नाव ठेवलं महल पिक्चर्स. नावातच सगळं आलं.

मीनाकुमारी या गोतावळ्यात आली ती बाहेरून. अमरोही तिला घेऊन ‘अनारकली’ काढणार होता. 1951 मध्ये महाबळेश्वरहून मुंबईला येताना तिच्या मोटारीला अपघात झाला आणि तिला पुण्याच्या ससून रुग्णालयात ठेवलं. अमरोही भेटायला जाऊ लागला. ‘अनारकली’ बारगळला, पण 1952 च्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं. अपघातात तिच्या डाव्या हाताची करंगळी कायमची अधू झाली. ‘पाकिजा’ पुन्हा पाहाल तेव्हा तिचा डावा हात शोधून पाहा. कधी ओढणीच्या आड, कधी पाठीमागे, कधी दुसऱ्या हाताखाली दुमडलेला. उजवा हात नाचतो, बोलतो, आदाब करतो. डावा आपली जागा धरून असतो. बघणाऱ्याला ती तवायफेची अदा वाटते, इतकं ते अंगी मुरलेलं आहे.

‘पाकिजा’चं काम 1956 च्या सुमारास सुरू झालं, कृष्णधवलमध्ये. दुपट्ट्याची तक्रार करणारं ते प्रसिद्ध गाणं तेव्हाच एकदा चित्रित झालं होतं, आणि ती कृष्णधवल फीत आजही पाहायला मिळते. तेवढ्यात रंगाचे दिवस आले. अमरोहीने नव्याने मांडामांड केली. मग सिनेमास्कोप आलं, पुन्हा नव्याने. सिनेमास्कोपचं भिंग हॉलिवूडहून भाड्याने आणलं होतं. त्यात केसभर दोष असल्याचं अमरोहीने इथे बसून ओळखलं, कंपनीने तपासणी करून ते कबूल केलं आणि भिंग त्याला देऊनच टाकलं, असं सांगतात. मीठमसाला किती आणि खरं किती कोण जाणे. पण माणूस त्या जातीचा होता, एवढं मात्र पटतं.

मधल्या काळात 1960 मध्ये महल पिक्चर्सने ‘दिल अपना और प्रीत पराई’ काढला. दिग्दर्शक किशोर साहू, छायालेखक विर्शिंग, जोडी राजकुमार आणि मीनाकुमारीची. ‘पाकिजा’त नायक होणार होता खुद्द अशोककुमार. पण वर्षं सरकत गेली, मध्ये दुसऱ्या नटांची नावं येऊन गेली आणि सलीमची भूमिका शेवटी राजकुमारकडे आली. अशोककुमार झाला शहाबुद्दीन, म्हणजे नायिकेचा बाप. प्रियकर म्हणून ठरलेला नट निर्मिती लांबली म्हणून बाप होतो, हे आपल्याकडेच घडू शकतं. आणि त्यात चित्रपटाचं भलंच झालं. नायिकेच्या आईला, नर्गिसला, कोठ्यावरून नेऊनही घरात घेऊ न शकलेला तो दुबळा नवाबजादा अशोककुमारने ज्या थकल्या डोळ्यांनी केला आहे, ते डोळे 1956 मध्ये त्याच्याकडे नव्हते.

1964 मध्ये नवरा-बायको वेगळे झाले. काम थांबलं. 1967 मध्ये विर्शिंग गेला. 1968 च्या मार्चमध्ये संगीतकार गुलाम मोहम्मद गेले.

गुलाम मोहम्मदांपाशी थांबायला हवं. घराणं बिकानेरकडचं, हात तबला-ढोलकीत तयार. बरीच वर्षं ते नौशाद यांचे साहाय्यक होते. नौशाद स्वतः उमेदवारीच्या काळात ‘महल’वाल्या खेमचंद प्रकाशांचे साहाय्यक. म्हणजे संगीताच्या बाजूनेही धागा वळून तिथेच जातो. स्वतंत्रपणे त्यांनी 1954 चा ‘मिर्झा गालिब’ केला, त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पण मोठ्या संस्थांची कामं त्यांच्या दाराशी आली नाहीत. ‘पाकिजा’ची गाणी त्यांनी करून ठेवली आणि ती ऐकायला लोक यायच्या आधीच ते गेले. गाणी जुन्या धाटणीची आहेत, आता नव्या संगीतकाराला घ्या, असा सल्ला अमरोहीला मिळाला होता. त्याने ऐकलं नाही. पार्श्वसंगीताचं काम नौशादनी पुरं केलं. साहाय्यकाचं अर्धं राहिलेलं काम गुरूने हाती घेतलं, आणि कोठ्याच्या गल्लीत ऐकू येणाऱ्या ठुमऱ्यांसाठी परवीन सुलताना, वाणी जयराम आणि राजकुमारी यांचे आवाज घेतले. यातली राजकुमारी म्हणजे ‘महल’मध्ये गायलेली तीच. वीसेक वर्षांत नायिकेचा आवाज म्हणून तिला कुणी विचारेनासं झालं होतं. इथे ती पार्श्वभूमीवर आहे, जेमतेम काही क्षण.

मीनाकुमारी परतली 1969 मध्ये. नर्गिस आणि सुनील दत्त यांनी आधी झालेलं चित्रण पाहून तिला राजी केलं, हे सर्वश्रुत आहे. यकृताच्या आजाराने ती पोखरली होती. शेवटच्या मुजऱ्यात फुटल्या काचांवर नाचणारी आकृती बरीचशी पद्मा खन्नाची आहे. तोंडावर ओढणी, कॅमेरा लांब. विर्शिंगच्या जागी एकच कुणी आला नाही. जो छायालेखक मोकळा असेल तो येऊन जमेल तेवढं काम करून जाई. तरी श्रेयनामावलीत नाव राहिलं विर्शिंगचंच, आणि कुठला तुकडा कुणाचा हे पडद्यावर सहजी ओळखू येत नाही. याचं कारण माझ्या मते अमरोही तर आहेच, पण निम्मं श्रेय कलादिग्दर्शक एन. बी. कुळकर्णी यांना द्यावं लागेल. एकामागे एक सज्जे, प्रत्येक सज्ज्यात नाचणारी एक बाई, मध्ये कारंजं, आणि हे सगळं पडद्याच्या लांबट चौकटीत मावेल असं बांधलेलं. प्रकाश कुठून येणार हे सेटच ठरवून टाकतो. मग छायालेखक बदलला तरी रात्र तीच राहते. फिल्मफेअरने ‘पाकिजा’साठी कुळकर्णींना कलादिग्दर्शनाचा पुरस्कार दिला. संकलक डी. एन. पै यांच्याबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. एकाच बाईचं पंचविशीतलं तोंड आणि पस्तिशीनंतरचं तोंड शेजारीशेजारी जोडायचं आणि प्रेक्षकाला ठेच लागू द्यायची नाही, हे काम त्यांच्या टेबलावर झालं.

4 फेब्रुवारी 1972 रोजी मराठा मंदिरात ‘पाकिजा’चा पहिला खेळ झाला. सुरुवातीला प्रतिसाद बेताचाच. 31 मार्चला मीनाकुमारी गेली आणि खिडकीवर रांगा लागल्या. पुढच्या वर्षी संगीताचा फिल्मफेअर ‘बेईमान’साठी शंकर-जयकिशन यांना गेला. त्याच चित्रपटासाठी प्राणना साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. गुलाम मोहम्मदांना डावललं म्हणून त्यांनी तो नाकारला. खलनायकी करण्यात आयुष्य घालवलेला माणूस दिवंगत संगीतकारासाठी हातचं बक्षीस सोडतो. त्या धंद्यात ही गोष्ट लहान नव्हती.

चित्रपटात न मावलेली गुलाम मोहम्मदांची गाणी 1977 मध्ये ‘पाकिजा रंग बरंग’ या तबकडीवर वेगळी निघाली. अमरोहीने नंतर ‘रझिया सुलतान’ काढला, 1983 मध्ये. पैसा ओतला होता, हत्ती-घोडे होते, खय्यामचं संगीत उत्तम होतं, आणि चित्रपट सपशेल पडला. विर्शिंग नव्हता, अशोककुमार नव्हता, मीनाकुमारी नव्हती. मालाडचं कुणीच नव्हतं. विर्शिंगने बॉम्बे टॉकीजमध्ये काढलेली छायाचित्रं त्याच्या घरच्यांनी जपून ठेवली, आणि 2017 च्या डिसेंबरात गोव्यातल्या सेरेंडिपिटी महोत्सवात ती लोकांसमोर आली. मालाडच्या त्या आवारात आता लहान कारखाने आणि गाळे आहेत, आणि पत्ता सांगताना लोक अजून बॉम्बे टॉकीज कंपाउंडच म्हणतात.