टाके पडले, घरी गेलो, पुढे?

१८६५चा ऑगस्ट. ग्लासगोच्या रुग्णालयात जेम्स ग्रीनलीस या अकरा वर्षांच्या मुलाला आणलं गेलं. पायावरून गाडीचं चाक गेलं होतं. हाड मोडलं होतं, कातडी फाटली होती. अशा जखमेत तेव्हा पू होणं जवळपास ठरलेलंच. मग पाय कापायचा, नाहीतर मरण. जोसेफ लिस्टरनं जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि पाय वाचला.

ही गोष्ट आपण निर्जंतुकीकरणाचा विजय म्हणून वाचतो. पण हाड जुळेपर्यंतचे सहा आठवडे ती जखम लिस्टरच्या नजरेखाली होती, हे सहसा लक्षात येत नाही. आज सिझेरियन झालेली बाई चार-पाच दिवसांत घरी जाते. टाके लाल होतात, पाणी सुटतं, ताप येतो, ते बरेचदा त्यानंतर. ती जवळच्या दुसऱ्याच डॉक्टरकडून गोळ्या घेते. ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाच्या फायलीत मात्र ‘प्रकृती उत्तम’ एवढंच राहतं.

मग घरी गेलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, हे विचारायचं कुणी? बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी हा प्रश्न लावून धरला. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड ठेवायचं आणि निदान वर्षभरानं त्याची खुशाली विचारून ते पूर्ण करायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. १९११ साली त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि पुढच्या पाच वर्षांचा हिशेब छापून टाकला: ३३७ पेशंट, १२३ चुका. इतर रुग्णालयांनीही असंच करावं, असा त्यांचा आग्रह होता. १९१५ साली भरसभेत त्यांनी एक व्यंगचित्र उघडलं. त्यात श्रीमंत वस्तीतले पेशंट होते वाळूत डोकं खुपसून सोन्याची अंडी देणारा शहामृग. सभा खवळली, कॉडमन यांचं अध्यक्षपद गेलं. १९४० साली ते वारले. कित्येक दशकं त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

प्रश्न मात्र उरला. कॅनडातल्या कॅलगरीत पीटर क्रूझ यांनी दहा वर्षांत ६२,९३९ जखमांचा माग काढला, प्रत्येकीचा अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. ज्याचे आकडे त्याला, असं प्रत्येक सर्जनला कळवलं जाई. आता बहुतेक शस्त्रक्रियांसाठी तीस दिवसांची मुदत धरतात. ब्रिटनमध्ये पेशंटनं घरी बसून भरायची प्रश्नावली आहे. रवांडात सिझेरियननंतर आरोग्यसेविकांनी घरी जाऊन मोबाइलवर टाक्यांचे फोटो काढल्याचे प्रयोग झाले.

पेशंटचं उत्तर नेहमी अचूक नसतं. भरत येणाऱ्या जखमेची साधी लाली कुणाला संसर्ग वाटते, तर कुणी पू आला तरी ‘होईल बरं’ म्हणून गप्प बसतं. म्हणून प्रश्न साधे लागतात: पाणी येतंय का? वास येतोय का? टाक्यांची कड उसवली का?

खरी अडचण वेगळीच आहे. जे रुग्णालय महिनाभर विचारत राहतं, त्याचे संसर्गाचे आकडे वाढतात. जे विचारतच नाही, ते कागदावर स्वच्छ दिसतं. कॉडमन यांना नडलं ते हेच.

तेव्हा घरात कुणाचं ऑपरेशन झालं आणि टाके चिघळले, तर उपचार कुठेही घ्या. पण ऑपरेशन केलं त्या रुग्णालयाला एक फोन नक्की करा. त्यांनी विचारलं नसलं तरी.