खडक, पोलाद आणि कार्बाइड



तुमसर म्हटले म्हणजे धानाचा बाजार डोळ्यांपुढे येतो. परंतु याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. १८९६ साली निघालेल्या इंग्रजी कंपनीने मध्य प्रांतात हा उद्योग उभारला. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी झाली व १९७७ साली तिची मालकी पूर्णपणे सरकारकडे आली. या सनावळीत एक गोष्ट मात्र येत नाही. ती म्हणजे खडकाशी झुंजणाऱ्या हत्याराची झीज.

फाळ बोथटला की आपण तो लोहाराकडे पाजवायला नेतो. सुरुंगाचे भोक पाडणाऱ्या पोलादी पहारीचेही तसेच. खडकातली गार पोलादाला खरवडते. बरे, पोलाद अधिक कठीण करावे, तर ते तडकते.

हे कोडे सुटले ते दूर बर्लिनमध्ये, आणि तेही दिव्यापायी! विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे साचे लागत. ते फार महाग. १९२३ साली ओसराम कंपनीतील कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडच्या भुकटीत कोबाल्ट धातूची भुकटी मिसळली, ती दाबली आणि सुमारे १४०० अंशांपर्यंत तापवली. वितळलेल्या कोबाल्टने कण बांधून टाकले. पुढे क्रुप कंपनीने या मालाला ‘विडिया’ नाव दिले, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’.

शिक्षकांनी मुलांना हे भिंतीवरून सांगावे. कार्बाइड म्हणजे दगड, कोबाल्ट म्हणजे चुना. चुना झडला की दगड सुटतो. तसेच येथे गारेचे कण आधी मऊ कोबाल्ट खातात, मग आधार गेलेला कार्बाइडचा कण निखळतो. कोबाल्ट कमी घातला तर झीज कमी, पण टोक तुटण्याची भीती. जास्त घातला तर टोक घाव सोसते, पण लवकर झिजते. सारे कसब या प्रमाणात आहे.

१९४० नंतर स्वीडनमध्ये हलके यंत्र आणि कार्बाइडचे टोक यांची जोडी जमली. एक माणूस एका यंत्रावर भोक पाडू लागला, आणि ही रीत देशोदेशीच्या खाणींत गेली.

पण मंडळी, टोक टिकाऊ झाले म्हणून माणसाची छाती टिकाऊ होत नाही. जी गार कार्बाइडलाही झिजवते, तिचीच बारीक धूळ फुप्फुसात बसते. म्हणून भोक पाडताना पाणी सोडलेच पाहिजे. टोक बदलता येते, फुप्फुस नाही.