तळटीप १४ : मूल फिरवणे
१४. मूल फिरवणे : गर्भाचे डोके वर आणि ढुंगण किंवा पाय खाली असतील, तर आईच्या पोटावरून हातांनी दाब देत त्याला कोलांटी घ्यायला लावणे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात असे गर्भ बरेच असतात. बहुतेक आपणच फिरतात आणि दिवस भरताना शंभरात तीन-चार उरतात. म्हणून डॉक्टर ३६-३७ आठवडे थांबतात. गर्भाशय सैल करणारे औषध देऊन, सोनोग्राफीने पाहत व बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून केलेला हा प्रयत्न सुमारे निम्म्या वेळा साधतो. वार सुटण्याचा धोका क्वचित, पण खरा. त्यामुळे तातडीच्या सिझेरियनची सोय जवळ हवीच. प्रस्तुत उताऱ्यातील सुईण तेलाच्या हाताने हेच करू पाहते. बाळाचे ठोके मंदावले तर ते कळण्याचे साधन मात्र तिच्यापाशी नाही.