चेंडू चालतो, कप चालत नाही : पालवणकर बाळू

उजनीच्या फुगवट्याकाठी, करमाळा-माढ्याच्या गावांत जयंतीला टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. एखाद्या करंडकाला पालवणकर बाळूंचं नाव द्या म्हटलं, की आपलीच माणसं विचारतात, "बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला तोच ना?"

तोच. पण बाकीचा इतिहासही वाचा.

१८७६ साली धारवाडला जन्मलेले बाळू चांभार समाजातले. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपये. तिथं साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायची, पण बॅट हाती मिळायची नाही. मग गोऱ्यांना हरवायचं म्हणून हिंदू संघाला हाच डावखुरा गोलंदाज लागला. त्यानं टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलायचे, तेव्हा विटाळ होत नसे. चहाच्या सुट्टीत मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. ही सवलत कुठल्या स्मृतीत लिहिलीय, दाखवा एकदा!

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना मिळालं नाही. १९२० साली याच अन्यायावरून त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले, तेव्हा कुठं दडपण आलं. १९२३ ला विठ्ठल कप्तान झाले.

त्याच काळात अमेरिकेत चार्ल्स फॉलिस हा कृष्णवर्णीय खेळाडू फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळत होता. १९०४ साली ओहायोतल्या शेल्बी संघानं त्याच्याशी फुटबॉलसाठी पगारी करार केला. बेसबॉलच्या मोठ्या लीगचं दार मात्र काळ्यांना बंद. तो काळ्यांच्या 'क्यूबन जायंट्स'कडून खेळला. घाम विकत घेतात, मान देत नाहीत. जात असो की वर्ण, हिशोब तोच.

आता राजकारण. १९३२ साली बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं, म्हणजे एम. सी. राजांच्या गटात होते. १९३७ ला मुंबईत काँग्रेसनं त्यांना बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. हिंदू संघानं ज्याला कधी कप्तान नेमलं नाही, त्याची थोरवी काँग्रेसला नेमकी बाबासाहेबांना पाडायच्या वेळी आठवली!

बाळू तिथं चुकले, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते ११४ बळी काँग्रेसचे नव्हेत. करंडकाला नाव द्या, आणि पत्रकावर १९३७ ची निवडणूकही छापा, मातीचं भांडंही छापा.