गावाचं मत गोल फिरतं तेव्हा

संशोधनासाठी गावात जाणार असाल, तर 'जोडीवार तुलना' हे तंत्र कधीतरी तुमच्या हाती येणारच. दहा गरजांची यादी देऊन क्रम लावा म्हटलं, की माणूस गोंधळतो. 'बंधारा आधी की टाकी?' असं विचारलं, की लगेच उत्तर देतो.

1927 मध्ये शिकागोचे मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी 19 गुन्ह्यांच्या जोड्या करून विद्यार्थ्यांना विचारलं, यातला गंभीर कोणता? 19 गोष्टींच्या 171 जोड्या होतात. त्या उत्तरांतून त्यांनी गुन्ह्यांच्या गांभीर्याची मोजपट्टी बनवली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस भारतात सहभागी ग्रामीण मूल्यमापन रुजलं आणि जोड्यांची ही तुलना गावच्या पारावर, जमिनीवर चौकट आखून होऊ लागली.

पण यातली मुख्य अडचण फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी 1785 मध्येच दाखवली होती. समजा, पारनेर तालुक्यातल्या एका गावात सारख्याच संख्येचे तीन गट आहेत. शेतकऱ्यांचा क्रम: बंधारा, टाकी, चारा. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बायकांचा: टाकी, चारा, बंधारा. मेंढपाळांचा: चारा, बंधारा, टाकी. आता जोड्या लावा. बंधारा टाकीला हरवतो, टाकी चाऱ्याला आणि चारा बंधाऱ्याला! प्रत्येक निकाल दोन विरुद्ध एक. प्रत्येकाचं मत सरळ, गावाचं मात्र गोल.

मग निर्णय कसा घ्यायचा? नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. तिथे ग्रामसभेने शेतीसाठी बोअरवेल घ्यायला आणि ऊस-केळीसारख्या पिकांना बंदी केली. पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. त्यात आधी माणसाजनावरांचं पिण्याचं पाणी, मग शेती. कशाला अग्रक्रम द्यायचा, हे तिथे चर्चेतून ठरलेल्या नियमात आहे. नुसती मतं मोजून असा नियम हाती येत नाही.

म्हणून तुमच्या तक्त्यात फक्त बेरीज लिहू नका. कोणत्या गटाने काय निवडलं, ते वेगळं नोंदवा. बायका, भूमिहीन, मेंढपाळ बैठकीला होते का, तेही लिहा. आणि मत गोल फिरलं तर ते 'दुरुस्त' करू नका. गावात खरा वाद कुठे आहे, ते तिथेच दिसतं.