घरचा प्रश्न आणि जगाची चावडी

राज्याने आपल्या प्रजेस कसे वागवावे, हा त्याचा घरगुती प्रश्न होय, असा समज दीर्घकाळ रूढ होता. त्यास मोठा धक्का बसला तो १९४६ साली. दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षी हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर व वस्तीवर निर्बंध घालणारा कायदा केला. हिंदुस्थानने तिच्याशी व्यापार तोडला आणि गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेले. विजयालक्ष्मी पंडित यांनी बाजू मांडली; उत्तर देण्यास पंतप्रधान स्मट्स स्वतः उभे राहिले. संघाच्या सनदेचे प्रास्ताविक ज्यांच्या मसुद्यावरून घडले, ज्यात मूलभूत मानवी हक्कांची ग्वाही आहे, तेच स्मट्स आता सनदेतील अंतर्गत कारभाराच्या कलमाचा आश्रय घेत होते! ८ डिसेंबर रोजी आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी ठरविले की, हिंदी लोकांना मिळणारी वागणूक उभय देशांतील करारांस व सनदेस धरून असली पाहिजे.

ठरावाने कायदा हटला नाही; उलट १९४८ पासून वर्णभेद अधिकच कडक झाला. सर्वांस मताधिकार मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले, आणि तोही मुख्यतः तेथील जनतेच्या झुंजीने. मग ठरावाचे मोल काय? एवढेच की, ‘हे आमच्या घरातले’ या उत्तराने जगाच्या चावडीवरील चौकशी पुढे थांबेनाशी झाली. पीडितांस तेवढाही आधार थोडा नसतो.